त, ट आणि टीव्ही

लेक जन्मली तेव्हा हॉस्पिटलमधून निघताना तिच्यासोबत एक वही मिळाली. फ्रान्समध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाला ती मिळते, ‘कार्ने द सांते’ म्हणतात तिला. लसी, वजन, उंची, डोक्याचा घेर, कधी कान दुखला, कधी ताप आला, सगळं त्या वहीत. त्यातच एक सूचना अशीही आहे की तीन वर्षांच्या आतल्या मुलाला टीव्ही, कॉम्प्युटर, टॅबलेट, मोबाइल यांच्यापासून लांब ठेवा. मी ती वाचलीच नव्हती. पहिले कित्येक महिने मी त्या वहीतली फक्त वजनाची रेघ बघत होते.

नऊ महिन्यांच्या तपासणीला नर्सने विचारलं, “घरात टीव्ही किती वेळ चालू असतो?”

मी लगेच सांगून टाकलं की ती फारसं बघत नाही, आणि जे बघते ते सगळं मराठी असतं. हे सांगताना मला चांगलाच अभिमान वाटत होता. नर्सने मान हलवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा सावकाश, माझं फ्रेंच कच्चं असेल असं समजून. लेक किती बघते हे तिने विचारलंच नव्हतं. टीव्ही चालू किती वेळ असतो?

खरं उत्तर होतं, आम्ही घरी असतो तेवढा वेळ.

आमचा हिशेब साधा होता. दिवसभर चिऊ क्रेशमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात. तिथे सगळं फ्रेंच. रस्त्यावर फ्रेंच, दवाखान्यात फ्रेंच. मराठी बोलणारी माणसं दोनच, आणि ती संध्याकाळी दमून येणार. एक ओट्याशी उभं, एक लॅपटॉपवर. मग मराठी आणायची कुठून? यूट्यूबवर बडबडगीतांना तोटा नाही. मोठ्या पडद्यावर लावून दिली की पोरगी गप्प, आपले हात मोकळे, आणि वर मातृभाषा जपल्याचं पुण्य. परदेशातल्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच मराठी आयांनी ही शिकवणी टीव्हीकडेच लावली आहे. (एकीने मला वयानुसार वेळापत्रकही पाठवलं होतं.)

मला धास्ती होती ती अक्षरांची. फ्रेंचमध्ये ‘ट’ नाही, जे आहे ते आपल्या ‘त’च्या जवळचं. ‘ळ’ नाही, ‘ध’ नाही, ‘भ’ नाही. आमच्या आडनावातला ‘ळ’ गेल्या सात वर्षांत इथे एकाच्याही तोंडून आलेला नाही. त्यामुळे नर्सकडून घरी आल्यावर मी वाचायला बसले ते तिला खोटं ठरवायला. मराठी टीव्हीचा काहीतरी उपयोग होतच असणार, अशी माझी खात्री होती.

सापडलं भलतंच. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या दोन संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यातला फरक कळत होता, त्यांच्या आईबापांना तो ऐकूही येत नसताना. वर्षाची होत आलेल्या बाळांपैकी बहुतेकांना मात्र तो कळेनासा झाला होता. घरात जो ध्वनी लागत नाही, त्याच्याकडे कान हळूहळू लक्ष देणं सोडतो. माझी लेक तेव्हा नऊ महिन्यांची. पोटात गोळाच आला.

म्हणजे घाई करायला हवी, टीव्ही आणखी लावायला हवा, असंच कुणालाही वाटेल. मला तरी वाटलं. पण त्याच्या पुढचं संशोधन २००३ चं आहे. सिअॅटलमध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. बारा बैठका, प्रत्येक साधारण पंचवीस मिनिटांची. एका गटासमोर चिनी बोलणारं माणूस प्रत्यक्ष जमिनीवर बसून पुस्तकं वाचायचं, खेळणी दाखवायचं. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तीच खेळणी, पण टीव्हीवर. तिसऱ्याला नुसता आवाज. पहिल्या गटातल्या बाळांना चिनी ध्वनी तैवानमधल्या बाळांसारखे ओळखता येऊ लागले. टीव्हीवाल्यांची पाटी कोरी. आवाज ऐकणाऱ्यांचीही कोरीच.

हे पचायला मला दोन दिवस लागले. कारण चिऊ टीव्ही बघायची ती अगदी तल्लीन होऊन. हत्तीचं गाणं लागलं की हात वर करायची, आणि मी नवऱ्याला हाक मारायची, “बघ, हत्ती कळतो तिला!” एका संध्याकाळी मी तेच गाणं आवाज बंद करून लावलं. हत्ती आला, सोंड हलवून गेला. हात खालीच. मग पडद्याकडे पाठ करून बसवलं आणि नुसता आवाज लावला. हत्तीच्या आधीची ती ढोलकी वाजली मात्र, दोन्ही हात वर.

२०१० मध्ये ज्युडी डिलोश यांनी बाळांसाठीच्या एका गाजलेल्या डीव्हीडीची परीक्षा घेतली होती. महिनाभर ती पाहणारी दीड वर्षाच्या आतली मुलं, न पाहणाऱ्या मुलांपेक्षा एकही शब्द जास्तीचा शिकली नाहीत. ज्या आईबापांना डीव्हीडी आवडली होती, त्यांना मात्र आपलं मूल बरंच शिकलंय असं वाटत होतं. आमच्या हत्तीची गोष्ट याहून वेगळी नाही.

इथे हा विषय एखाद्या नर्सच्या मर्जीवर सोडलेला नाही. २००८ मध्येच फ्रान्सच्या टीव्ही नियामक संस्थेने इथल्या चॅनेलना तीन वर्षांखालच्या मुलांसाठी म्हणून कार्यक्रम दाखवायला बंदी घातली. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या ‘बाळांच्या’ चॅनेलसोबत इशारा द्यायचा, की यामुळे बोलायला उशीर होणं, झोप आणि लक्ष बिघडणं असं होऊ शकतं. २०२५ पासून पाळणाघरांतही तीन वर्षांखालच्या मुलांसमोर पडदा चालत नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत नको म्हणते, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ २०१६ पासून दीड वर्षापर्यंत. आकडे जरा इकडेतिकडे, पण तान्ह्या बाळाला टीव्ही दाखवा असं कुणीच म्हणत नाही.

मला सुरुवातीला हा सगळा प्रकार आगाऊपणाचा वाटला होता. सरकारने लोकांच्या दिवाणखान्यात नाक खुपसायचं कारण काय? आणि फ्रेंच लोक घरी हे सगळं पाळतात असंही समजू नका. आमच्या भिंतीपलीकडे एक तान्हं बाळ आहे, आणि सकाळी सातला त्याच्या रडण्याच्याही आधी त्यांचा टीव्ही ऐकू येतो.

पण नर्सचा प्रश्न डोक्यातून जाईना. बाळ बघत नसेल तर टीव्ही चालू असल्याने काय बिघडतं? याचंही उत्तर सापडलं. २००८-०९ च्या सुमाराला अमेरिकेत लहान मुलांना खेळायला सोडून मागे मोठ्यांचा कार्यक्रम लावून पाहिला. मुलं पडद्याकडे अधूनमधून ओझरतं बघत, पण एका खेळात रमण्याचा त्यांचा वेळ तुटत गेला. आणि जवळ बसलेल्या आईबापांचं मुलाशी बोलणं-खेळणं साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झालं. हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं. टीव्ही मराठी बोलत होता, तेव्हा घरातली मराठी माणसं गप्प होती.

मग आम्ही बंद केला. पहिला आठवडा भयाण गेला. घर सुनंसुनं, आणि मोठी अडचण अशी की नऊ महिन्यांच्या माणसाशी बोलायचं काय, हे आम्हाला सुचेना. दोघंही एरवी बडबडे, पण चिऊसमोर बसलो की, “काय गं? काय करतेस? हो का?” संपलं. यातून सुटका केली कपड्यांच्या घड्यांनी. नवरा एकदा घड्या घालता घालता क्रिकेटच्या समालोचनासारखं बोलायला लागला, “बाबाने एक मोजा उचलला... दुसऱ्या मोज्याच्या शोधात बाबा... आणि दुसरा मोजा गायब!” ‘गायब’ला चिऊ खदखदून हसली. त्या दिवशी त्याने चौदा मोजे गायब केले. तेव्हापासून घड्या घालण्याचं काम त्याच्याकडे लागलंय, हा वरचा फायदा.

आणि ती खेळायला लागली. आधी रिंगांच्या मनोऱ्यात एक रिंग अडकवायची, जाहिरात वाजली की मान वर, परत येईपर्यंत हातातली रिंग कुठेतरी. टीव्ही बंद असताना एकदा डब्याला झाकण लावणं-काढणं चाललं होतं ते मी घड्याळ लावून पाहिलं. अकरा मिनिटं. मध्ये एकदा झाकण उलटं लावून बघितलं, नाही बसलं, फिरवून पुन्हा लावलं.

आता एवढं लिहिल्यावर कुणाला वाटेल की आमच्याकडे टीव्ही माळ्यावर गेला. तसं नाही. दीड वर्षाची असताना आम्ही तिघंही तापाने आडवे झालो होतो, तेव्हा दोन दिवस टीव्हीनेच तिला सांभाळलं, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. टीव्हीने मुलांचं डोकं कामातून जातं, असली विधानंही मला पटत नाहीत. ज्या घरात टीव्ही दिवसभर चालू असतो तिथे माणसं कमी, कामं जास्त, असंही असतं, आणि त्यातलं मुलाला नेमकं काय भोवलं हे वेगळं काढणं अवघड. माझी तक्रार एवढीच की तान्ह्या मुलाला तो भाषा शिकवतो, असं सांगून मला तो विकला गेला आणि मी घेतला.

बाकी उरला व्हिडिओ कॉल. तो बंद करायचा म्हणजे आजी-आजोबाच बंद. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आपल्या सल्ल्यातून तो वगळलाय हे वाचून हायसं वाटलं, पण कारण कळेना. पडदा तो पडदाच ना?

त्याचं उत्तर एका लपाछपीत आहे. १९९८ मध्ये जॉर्जीन ट्रोसेथ आणि ज्युडी डिलोश यांनी दोन वर्षांच्या मुलांना शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना दाखवलं. खिडकीतून पाहिलं त्यांनी जाऊन बरोबर काढलं. टीव्हीवर पाहिलेली बहुतेक मुलं गोंधळली. चिऊ दोन वर्षांची झाल्यावर आम्ही हे घरी करून पाहिलं. नवऱ्याने अस्वल उशीखाली लपवलं, मी मोबाइलवर चित्रण केलं, तिला दाखवलं. तिने नीट पाहिलं, “अस्वल!” म्हणाली, आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा कप्पा उघडला.

त्याच ट्रोसेथबाईंनी २००६ मध्ये पुढचा प्रयोग केला. पडद्यावरचं माणूस आधी पाच मिनिटं मुलाशी खरोखर बोललं, त्याच्या बोलण्याला उत्तरं दिली, तर मुलं त्याचं सांगणं धरून खेळणं शोधू लागली. म्हणून मी पुढच्या रविवारी सासूबाईंना कॉल लावला. मोबाइल झोपायच्या खोलीत नेऊन त्यांना अस्वल कुठे लपवलंय ते दाखवलं, आणि मग चिऊसमोर धरला. आधी नेहमीचं झालं. चिऊने बूट दाखवला, आजींनी “एकच बूट? दुसरा कुठाय?” विचारलं, चिऊ दुसरा घेऊन आली, मग पहिला कुठे गेला ते शोधणं झालं. मग आजी म्हणाल्या, “बाळा, तुझं अस्वल ना, उशीखाली झोपलंय. जा बरं, उठव त्याला.” ती गेली. उशी उचलली. अस्वलाला एक थप्पड देऊन उठवलं.

एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही, कबूल आहे. उशी तिला एरवीही सापडली असती. पण आजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

‘ट’चंही सांगते. ‘टोपी’ बरेच दिवस ‘तोपी’ होती आणि मी मनातल्या मनात कॅनडातल्या त्या दोघांची आठवण काढत होते. गेल्या महिन्यात ट आला. आला तो असा की आता क्रेशमध्ये फ्रेंच टेबलालाही ती ठणठणीत मराठी ट लावते. तिथल्या ताईंनी मला विचारलं, हा आवाज कुठला? आजीचा, म्हटलं.

आता राहिलंय ते सगळ्यात नाजूक काम. हल्ली कॉलवर चिऊ मध्येच गप्प होते, आजी काहीही म्हणाल्या तरी उत्तर देत नाही, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे टक लावून बघत बसते. पहिल्यांदा मला कळेना. मग मोबाइल हातात घेऊन नीट बघितलं. आजींच्या मागे टीव्ही चालू होता. मालिकेतली एक सून जिन्यावरून तीन-तीनदा खाली येत होती.

“अहो आई,” मी शक्य तितक्या हळू म्हणाले, “तो मागचा टीव्ही जरा बंद करता का? चिऊचं लक्ष जातंय.”

आई काही बोलायच्या आत खुर्चीतून आजोबांचा आवाज आला, “आवाज बंदच आहे की!”