धाकट्यांना लिहिलेली आघाडीवरची पत्रे

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढलेल्या हिंदी, म्हणजे भारतीय, शिपायांची पत्रे मी सध्या वाचत आहे, आणि त्यांतही मुलगा, धाकटा भाऊ किंवा पुतण्या यांना लिहिलेल्या पत्रांशी मी अधिक रेंगाळतो. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस या पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसल्यामुळे ते साक्षर सोबत्याकडून पत्र लिहून घेत. पुढे ते पलटणीतील अधिकाऱ्याच्या नजरेखालून आणि मग फ्रान्समधील हिंदी टपालाच्या सेन्सॉर कचेरीतून जाई. गावी पोहोचल्यावर ते मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस पुष्कळ घरांत शाळेत जाणारा मुलगाच असावा, असा माझा तर्क आहे. तसे असेल तर बापाची ख्यालीखुशाली, पैशांचा हिशेब आणि मेलेल्या सोबत्यांची बातमी हे सारे आधी त्या मुलाच्याच तोंडून घरच्यांनी ऐकले असणार.

सेन्सॉरला चुकवण्यासाठी काही शिपाई आडून लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि तांबडी मिरची म्हणजे गोरे, ही खूण तर प्रसिद्धच आहे. काळी मिरी संपत आली असे वाचणाऱ्या पोराला त्यात काय कळले असेल, कोण जाणे. (सेन्सॉरला मात्र ते चांगलेच कळत होते.) भरती होऊ नकोस, असे धाकट्यांना बजावणारी पत्रे आहेत, तशीच पराक्रमाची हौस असलेलीही आहेत. मला सर्वांत बोलकी वाटतात ती शिक्षणाविषयीची पत्रे. फ्रेंच गावांत राहताना तिथल्या बायका शेती सांभाळतात आणि लिहितात-वाचतात, हे पाहिलेले शिपाई मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, असे घरी कळवू लागले.

यांत मराठी पत्रे फार थोडी आहेत, कारण आपल्या बहुतेक मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या. त्यांपैकी काही कूत येथे वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या सैन्याला शरणागती पत्करावी लागली. शिवाय फ्रान्समधील पत्रांचेही आज मुख्यतः सेन्सॉरने केलेले इंग्रजी उतारेच लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत उरले आहेत. हे उतारे सैन्याचे मनोधैर्य जोखण्यासाठी निवडलेले असल्यामुळे पोराच्या खोड्यांची किंवा परीक्षेची चौकशी त्यांत सहसा टिकली नसावी, आणि मला नेमके तेच वाचायचे आहे.

म्हणून ज्यांच्या घरी पणजोबांचे असे मूळ पत्र असेल, त्यांनी त्याचे स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे आणि लखोटाही टाकून देऊ नये. त्यावरील टपालाच्या आणि सेन्सॉरच्या शिक्क्यांवरून पत्र कधी आणि कोणत्या आघाडीवरून निघाले, हे पुष्कळदा कळू शकते.