पृष्ठ 112 वरील तक्ता

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या रोल-प्लेइंग गेमची पुस्तके आमची लहानशी प्रकाशनसंस्था काढते, आणि हस्तलिखित हाती आल्यापासून छपाईची फाइल छापखान्यात जाईपर्यंतचे काम माझ्याकडे असते. नवे नियमपुस्तक बाजारात येऊन आठवडा उलटला होता, तेव्हा एका वाचकाची ईमेल आली. त्याने अतिशय सौजन्याने विचारले होते, की पृष्ठ 112 वरील तक्त्यात 13 हा आकडा दोन ओळींत आला आहे, तर वीस बाजूंच्या फाशावर 13 पडल्यास दोर तुटला असे धरायचे की टिकला असे?

मी पुस्तक उघडून पाहिले. एक ओळ 11 ते 13, पुढची 14 ते 16. तक्ता बिनचूक होता. मग आठवले, की दुसऱ्या मुद्रितात, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रतीत, ती पुढची ओळ 13 पासून सुरू होत होती आणि ती मीच दुरुस्त केली होती. जी चूक छापलीच गेली नव्हती, ती त्या वाचकाच्या समोर होती.

म्हणजे त्याच्याकडे आमची फुटलेली फाइल होती. इंटरनेटवर ती चोरटी प्रत शोधायला दहा मिनिटेही लागली नाहीत. ऑनलाइन विक्रेते पीडीएफच्या प्रत्येक पानाच्या तळाशी खरेदीदाराचे नाव आणि ऑर्डर क्रमांक उमटवतात. तो क्रमांक मिळेल आणि फाइल कोणी फोडली ते कळेल, अशी माझी अपेक्षा होती. पण पानाच्या तळाशी काहीच नव्हते. चारही कोपऱ्यांत मात्र छापखान्याला कागद कुठे कापायचा ते दाखवणारे क्रॉप मार्क होते, चित्रे कापरेषेच्या तीन मिलिमीटर बाहेर गेलेली होती आणि प्रकरणांवर नेणारे बुकमार्क नव्हते. अशी फाइल कोणत्याही ग्राहकाला कधीच मिळत नाही. मुद्रितशोधनासाठी आम्ही बाहेर पाठवलेली लिंक तीन आठवडे पासवर्डविना उघडी राहिली होती, आणि ती बंद करण्याची जबाबदारी आमचीच होती.

दुपारच्या बैठकीत विक्री सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने डाउनलोडच्या आकड्याला पुस्तकाच्या किमतीने गुणले आणि तेवढे नुकसान झाले असे सांगून पीडीएफ विकणेच थांबवावे असा आग्रह धरला. हा गुणाकार मला कधीच पटलेला नाही, कारण फुकट मिळाले म्हणून उतरवून घेणारा प्रत्येक जण एरवी ग्राहक झाला असता असे त्यात गृहीत धरलेले असते. शिवाय हा उपाय करून झालेला आहे. एप्रिल 2009 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या ‘प्लेयर्स हँडबुक 2’ या नियमपुस्तकाच्या चोरट्या प्रती पसरल्यावर त्याची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने आठ जणांवर दावे लावले आणि आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री बंद केली. पण छापील पुस्तक कोणीही स्कॅन करू शकतो. त्यामुळे चोरट्या प्रती मिळतच राहिल्या आणि पैसे मोजायला तयार असलेल्यांचीच वाट बंद झाली. जानेवारी 2013 मध्ये कंपनीने खेळाच्या जुन्या आवृत्त्यांच्या पीडीएफ पुन्हा विकायला काढल्या. त्याच 2009 च्या ऑगस्टमध्ये पायझो या दुसऱ्या प्रकाशकाने ‘पाथफाइंडर’ या आपल्या खेळाचे 576 पानांचे मूळ नियमपुस्तक छापील 49.99 डॉलरला आणि पीडीएफ 9.99 डॉलरला ठेवले होते, तेही नियम ऑनलाइन मोफत वाचता येत असताना.

याचा अर्थ चोरीने काहीच बिघडत नाही असा मी घेत नाही. खेळताना चार-पाच जण हातोहात फिरवतात ते जाड नियमपुस्तक निदान छापील रूपात टेबलावर असावे असे खेळणाऱ्यांना वाटते. पण साहसकथेची पातळ पुस्तिका फक्त खेळ चालवणारा वाचतो, तीही बहुधा एकदाच, आणि त्याला चोरटी फाइल पूर्णपणे पुरते. लेखकाला मानधन देताना मला त्या पुस्तिकांचीच काळजी वाटते.

त्या दिवशी मात्र मनाला लागली ती निराळी गोष्ट. विकत घेतलेल्या पीडीएफमध्ये आम्ही काही सुधारले तर नवी फाइल ग्राहकाच्या खात्यात आपोआप येते. चोरटी प्रत जशी फुटली तशीच राहते. महिनाभर खपून सरळ केलेले पुस्तक सोडून त्याचे कच्चे मुद्रित आमच्या नावाने फिरत होते, आणि किती टेबलांवर कोण जाणे, 13 पडल्यावर वाद होत होते.

मी वाचकाला योग्य ओळ कळवली. फाइल कुठून आणली हे विचारले नाही. त्याचे उत्तर आले, की त्या 13 वर त्यांनी दोर तुटला असे धरले होते आणि त्यांच्यातल्या एकीचे दोन वर्षे जपलेले पात्र दरीत पडून मेले होते. आमच्या दुरुस्त तक्त्यातही 13 ला दोर तुटतोच, हे मी त्याला पुन्हा एकदा स्पष्ट लिहिले, कारण तिच्या दृष्टीने ते महत्त्वाचे असणार होते.

संध्याकाळी मी संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले शुद्धिपत्र लावले. आपण चोरांची सेवा करतो आहोत, असे विक्रीच्या सहकाऱ्याने मला सुनावले, आणि त्याचे म्हणणे मला अजून पूर्णपणे खोडता आलेले नाही. त्या शुद्धिपत्रातील पहिली नोंद पृष्ठ 112 ची आहे. आम्ही विकलेल्या एकाही प्रतीत ती चूक नाही.