फ्रीझर थंड, खालचा कप्पा कोमट : फ्रीजमधला दोष शोधताना आलेला अनुभव

फ्रीज पूर्ण बंद पडला, तर शोध कुठून सुरू करायचा हे तरी कळते. आमच्या दोन दरवाजांच्या फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे साचलेला बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, फ्रीजचे तसे झाले नाही. दिवा लागत होता, फ्रीझरमध्ये बर्फ होत होता, कॉम्प्रेसर तर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालत होता. तरीही खालच्या कप्प्यात ठेवलेले दूध नासू लागले. त्यातच भाजीच्या ड्रॉवरखाली अधूनमधून पाणी साचलेले दिसे.

हाताला किती गार लागते यावरून अंदाज बांधण्यात अर्थ नसतो, म्हणून आधी तापमान मोजले. मधल्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर बुडवून तो रात्रभर तसाच ठेवला, कारण दार उघडताच आतली हवा लगेच बदलते, पाणी मात्र आपले तापमान सहसा सोडत नाही. सकाळी आकडा ११ अंश सेल्सिअस होता. खालच्या कप्प्यात ते ३ ते ४ अंश असावे, ५ च्या वर जाऊ नये आणि फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. आमचा फ्रीझर उणे १२ वर होता, म्हणजे वरचा भागही वाटतो तितका निरोगी नव्हता. लवकर खराब होणारे पदार्थ वास न घेताच टाकून दिले, कारण अपायकारक जिवाणूंची वाढ झाली तरी वास किंवा चव बदलतेच असे नाही.

त्यानंतर बाहेरून करता येण्यासारख्या तपासण्या उरकल्या. तापमानाची कळ जागेवर होती, मागे भिंतीपासून मोकळी जागा होती आणि बाजूचे पत्रे गरम लागत होते. या गरम पत्र्यांमुळे अनेक जण घाबरतात. पण अलीकडच्या बहुतेक फ्रीजमध्ये कंडेन्सरची नळी बाजूच्या पत्र्यांच्या आत बसवलेली असते आणि आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते, त्यामुळे पत्रे गरम असणे हे काम चालू असल्याचेच लक्षण होय. दाराच्या रबरासाठी कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून पाहिली. ती बहुतेक ठिकाणी घट्ट बसत होती, एका खालच्या कोपऱ्यात मात्र सहज निसटली. ते लक्षात ठेवले, पण एवढ्या फटीने तापमान ११ अंशांवर जाईल असे वाटले नाही.

फोनवरून मेकॅनिकला लक्षणे सांगितली, तेव्हा त्याने ताबडतोब निदान केले : गॅस संपला असेल, चार्जिंग करावे लागेल. हे निदान इतक्या सर्रास केले जाते की ते तपासून घेणे आवश्यक वाटले. फ्रीजमधला गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांच्या चक्रात तोच पुन्हा पुन्हा फिरत असतो. तो कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता गॅस भरला तर तोही निघून जातो. शिवाय आमच्या फ्रीजची लक्षणे वेगळ्याच दिशेला बोट दाखवत होती.

या प्रकारच्या फ्रीजमध्ये थंडावा एकाच ठिकाणी तयार होतो. कूलिंग कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते, तिच्यावरून पंखा हवा फिरवतो आणि त्यातला थोडा वाटा एका वाहिनीतून खालच्या कप्प्यात उतरतो. म्हणजे हवेचा मार्ग अडला की पहिला फटका खालच्या कप्प्याला बसतो आणि फ्रीझर बराच काळ बर्फ धरून राहतो, जे आमच्याकडे घडत होते. पंखा चालतो का हे ऐकायचे होते. पण अनेक मॉडेलांत दार उघडताच तो थांबतो, म्हणून फ्रीझरचे दार उघडे ठेवून दाराचा स्विच बोटाने दाबून धरला. पंखा फिरला, मात्र त्याच्या पात्या कशावर तरी घासल्याचा खरखर आवाज आला.

प्लग काढून, फ्रीझर रिकामा करून मागच्या पॅनेलचे स्क्रू सोडवले. पॅनेल सहज निघेना, कारण ते आतून बर्फाला चिकटले होते. ते सुटल्यावर दिसले की कॉइलच्या बारीक पत्र्या बर्फात पूर्ण गाडल्या गेल्या आहेत आणि वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीचा पांढरा थर बसून पंख्याच्या पात्यांपर्यंत पोचला आहे. गॅसचा प्रश्न निकालात निघण्यासाठी हा थर बराचसा पुरेसा होता. गॅस कमी असतो तेव्हा कॉइलच्या सुरुवातीच्या भागावरच दव गोठते आणि पुढचा भाग कोरडा राहतो. इथे संपूर्ण कॉइल गोठली होती, म्हणजे गारवा व्यवस्थित तयार होत होता; वितळायला हवा होता तो बर्फ तेवढा वितळत नव्हता.

दारे उघडी ठेवून आणि खाली टॉवेल पसरून बर्फ आपोआप वितळू दिला. अशा वेळी सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडण्याचा मोह टाळलाच पाहिजे. अॅल्युमिनियमच्या नळीला लहानसे छिद्र पडले तरी दुरुस्ती फार महागात जाते आणि ज्या फ्रीजमध्ये आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो, तिथे त्यात आगीचाही धोका असतो. कॉइलखालच्या निचऱ्याच्या भोकातही बर्फाची गुठळी अडकलेली होती. वितळलेले पाणी या भोकातून कॉम्प्रेसरवरच्या तबकात जाऊन तिथल्या उष्णतेने उडून जायला हवे. मार्ग बंद असल्याने ते आतच उतरत होते. ड्रॉवरखालच्या पाण्याचा उगम असा सापडला. कोमट पाणी हळूहळू ओतून भोक मोकळे केले.

फ्रीज सुरू केल्यावर खालचे तापमान ४ अंशांवर आले. पण काही दिवसांनी पारा पुन्हा चढू लागला. बर्फ काढला की बरे वाटणे आणि मग हळूहळू तीच लक्षणे परतणे, ही डिफ्रॉस्टची, म्हणजे कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळवण्याची, व्यवस्था बंद असल्याची ठळक खूण आहे. या व्यवस्थेत टायमर कॉम्प्रेसर थांबवून हीटरला वीज देतो, हीटर कॉइलवरचा बर्फ वितळवतो, बायमेटल हा तापमानानुसार जुळणारा-सुटणारा स्विच पुरेशी उष्णता झाल्यावर हीटरची वीज तोडतो आणि बायमेटलने दगा दिलाच तर थर्मल फ्यूज कायमचा उडून वीज तोडतो.

पुन्हा प्लग काढून मल्टीमीटरने एकेक भाग पाहिला. हीटरचा रोध सुमारे ३०० ओहम आला, जो २३० व्होल्टवर १७५ वॉटच्या जवळपास बसतो, म्हणजे हीटर शाबूत होता. बायमेटल सामान्य तापमानाला जोडलेला दाखवत होता, आणि ते मला खटकले. थंडीत जुळणे आणि उबेत सुटणे हे त्याचे काम आहे, त्यामुळे बाहेर काढून ठेवल्यावर त्याची जोडणी सुटलेली दिसणेच बरोबर असते. नेमके हे ठाऊक नसल्याने कित्येक चांगले बायमेटल फेकले जातात. आमचा उलट जोडलेल्या स्थितीत चिकटून बसला होता आणि फ्यूज उडालेला होता. दोहोंची सांगड सहज लागली : बायमेटल सुटेना, हीटर तापत राहिला, फ्यूजने आपले काम केले आणि तेव्हापासून बर्फ साचत गेला.

हे सांगितल्यावर मेकॅनिकने गॅसचा विषय सोडला आणि त्याच क्षमतेचे दोन्ही भाग बसवले. फक्त फ्यूज बदलणे किंवा तारेने जोडून तो वगळणे, असे स्वस्तातले उपायही केले जातात. पहिल्यात नवा फ्यूजही उडतो आणि दुसऱ्यात हीटरला कोणताच अटकाव उरत नसल्याने आतले प्लास्टिक वितळू शकते, किंबहुना आग लागू शकते. बसवून झाल्यावर त्याने टायमरची खुंटी फिरवून डिफ्रॉस्ट मुद्दाम सुरू केले. थोड्या वेळात कॉइलवरून चुर्र आवाज आला आणि मागच्या तबकात पाणी टपकू लागले.

सध्या खालचे तापमान ४ अंशांच्या आसपास स्थिर आहे. रबराचा तो कोपरा गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून थोडा सरळ झाला, पण कागदाची पट्टी अजून तिथे सैल लागते. त्या फटीतून दमट हवा आत शिरून कॉइलवर दव वाढतच राहणार, म्हणून नवे रबर मागवले आहे.