घटना बदलायला बसलो आणि पोऱ्याच बाहेर जात होता

आमची अपंगांच्या खेळांची संस्था लहानशी, सभासद 62, जळगाव धुळे नंदुरबार असे तिन्ही जिल्ह्यांत विखुरलेले, आणि संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, 1994 ची, म्हणजे 1995 चा अपंग कायदा यायच्याही आधीची. नावात 'अपंग', उद्देशात 'अपंग बांधवांसाठी करमणुकीचे खेळ' (भगिनी नाहीतच), आणि सभासद कोण तर 'हातापायाने अधू किंवा अंध इसम'. मूकबधिर पण आमच्यात पहिल्यापासून होते, कोणत्या नियमाने होते ते तीस वर्षात कोणी विचारलं नाही. मी सहचिटणीस, पूर्ण अंध, एकेकाळी गाईडच्या दोरीला धरून 100 मीटर पळायचो, आता बँकेत. अध्यक्ष आमचे सर, रिटायर्ड पीटी टीचर, एका पायाला पोलिओ. सर एकदा म्हणाले, पोरं वरच्या स्पर्धांना पाठवायची तर आपली घटना आयपीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक कमिटीच्या, नियमांशी जुळती पाहिजे रे, तुझं इंग्रजी बरं आहे, तू बस. बसलो.

पहिली पंचाईत अशी की मला आमचीच घटना वाचता येईना. मूळ टाइपरायटरची, नंतर कोणीतरी श्रीलिपीत टाइप केलेली, आणि त्या जुन्या फॉन्टमधलं मराठी स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, माझ्याकडे एनव्हीडीए) मराठी वाटतच नाही, ते तिथे नुसती इंग्रजी अक्षरं, स्लॅश आणि कॉमा ओकत बसतं. शेवटी पुतणीने 23 व्हॉइस नोट पाठवल्या, मध्ये मध्ये कुकरच्या शिट्ट्यांसकट. आणि आयपीसीची घटना, जिचं हेडऑफिस तिकडे जर्मनीत बॉनला, ती मात्र हेडिंग टू हेडिंग उड्या मारत आरामात वाचून झाली.

आयपीसीची स्थापना 22 सप्टेंबर 1989, ड्युसेलडॉर्फला. तिथे आपल्यासारखे सुटे सभासद नसतात, सभासद म्हणजे संस्थाच, देशोदेशीच्या पॅरालिम्पिक कमिट्या, खेळांचे महासंघ वगैरे. त्यांनीही 2021 मध्ये आपली घटना नव्याने मंजूर करून घेतली. ती वाचताना एक गोष्ट मला फार आवडली, ऍथलीट्स कौन्सिलच्या अध्यक्षाला गव्हर्निंग बोर्डात मतासकट जागा आहे. आमच्या कार्यकारिणीत 11 जण आणि त्यातला मैदानात उतरणारा एकही नाही, मीसुद्धा आता फक्त जेवणानंतर अंगणात फेऱ्या मारतो. तर ते कलम घेतलं, दोन जागा चालू खेळाडूंना. खजिनदार आप्पांनी लगेच काढलंच, "पोरे मैदानवर ऱ्हातीन का मिटिंगमा बठतीन?" पण विरोध तेवढाच.

मग आलं सभासदत्वाचं कलम आणि तिथे मी माती खाल्ली. आयपीसीचा नवा वर्गीकरण कोड, म्हणजे कोण खेळू शकतो आणि कोणत्या गटात ते ठरवणारे नियम, उन्हाळी खेळांना 1 जानेवारी 2025 पासून लागू झालाय, मी तो उघडला आणि त्यातल्या दहा पात्र कमतरता सरळ उचलून आमच्या घटनेत टाकल्या. स्नायूंची ताकद कमी असणं, सांध्यांची हालचाल कमी असणं, अवयव नसणं, पायांच्या लांबीत फरक, कमी उंची, स्नायूंचा ताठरपणा, हालचालींचा ताळमेळ नसणं, आपोआप होणाऱ्या हालचाली, दृष्टी, आणि बौद्धिक. यातली एक असेल तोच सभासद. मराठी करताना दोन रात्री गेल्या, त्यामुळे मी जाम खुश होतो आणि मसुदा ग्रुपवर टाकला.

सरांचा फोन आला. बाकी काही बोलले नाहीत, एवढंच विचारलं, "आपल्या धडगावच्या पोराचं काय?"

हा पोरगा पावरा आदिवासी, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पेशंट. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल किती आहे ते इकडच्यांना सांगायला नको. त्याच्याकडे युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे, कारण 2016 च्या दिव्यांग कायद्याने अपंगत्वाच्या सात प्रकारांचे 21 केले आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. आमच्या स्पर्धेत तो पळतो, डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेत, उन्हात नाही, पाण्याची बाटली जवळ ठेवून. आणि मोठी गोष्ट म्हणजे सातपुड्यातली सहा पोरं आमच्यापर्यंत त्यानेच आणलेली आहेत, त्यांचे फॉर्म तोच भरतो. त्या दहाच्या यादीत सिकलसेल नाही. मग लक्षात आलं की बहिरेपण पण नाही, कर्णबधिरांची आंतरराष्ट्रीय संघटनाच वेगळी, त्यांच्या पहिल्या स्पर्धा पॅरिसला 1924 मध्ये झालेल्या, पॅरालिम्पिकच्या कितीतरी आधी. म्हणजे माझ्या एका सुंदर वाक्याने 62 पैकी 14 माणसं घराबाहेर. आप्पांना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "हाऊ पोऱ्या पयस ना? मंग त्याले कसाले काढतस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी तिकडचा नियम कडक का आहे ते पण मला पटतं. सिडनी 2000 ला बौद्धिक अक्षमतेच्या गटात स्पेनने बास्केटबॉलचं गोल्ड घेतलं आणि नंतर कळलं की 12 पैकी 10 खेळाडूंना तशी अक्षमता नव्हतीच. गोल्ड परत गेलं ते गेलं, पण त्या गटाचे सगळेच खेळ बाहेर गेले, ते लंडन 2012 ला परत आले, तेही तीनच. खोटं बोलले दहा जण आणि बारा वर्षं घरी बसली जगभरातली खरी पोरं. म्हणून स्पर्धेत उतरणाऱ्याची तपासणी पाहिजेच. पण ती स्पर्धेच्या दारात, संस्थेच्या दारात कशाला? हे मी दोन्ही एकाच कलमात कोंबलं होतं.

मग कलम फोडलं. सभासद कोण, तर 2016 च्या कायद्यातला कुठलाही दिव्यांग. वरच्या स्पर्धेला कोण, तर 'त्या त्या वेळी लागू असलेल्या' वर्गीकरण कोडप्रमाणे जो बसेल तो. हे शब्द वकीलसाहेबांनी सुचवले आणि माझी खेळाडूंच्या गटांची सगळी टी-11, एफ-46 ची यादी घटनेतून काढून उपनियमात ढकलली. कोड पहिला 2007 चा, मग 2015 चा, आता हा, दर वेळी घटना कुठे बदलत बसणार? उपनियम कार्यकारिणी एका बैठकीत बदलू शकते. घटनेला मात्र काय लागतं ते पुढे वाचा म्हणजे कळेल.

1860 च्या सोसायटी कायद्याचं कलम 12. उद्देश बदलायचा तर विशेष सभा, दहा दिवस आधी प्रस्ताव प्रत्येक सभासदाच्या हातात, तीन पंचमांश मतं, आणि एक महिना जाऊ देऊन दुसरी विशेष सभा, तिथे परत तीन पंचमांश. हजर असलेल्यांचे की एकूणचे? वकील म्हणाले रिस्क नको, एकूण धरा. 62 चे तीन पंचमांश म्हणजे 38 डोकी. अमळनेर ठरवलं कारण सुरत भुसावळ लाईनवर नंदुरबार, दोंडाईचा, धरणगाव, जळगाव सगळ्यांना गाडी एकच, धुळेवाले एसटीने. पण सभा ठेवली मे महिन्यात! 44 डिग्री, कुबड्यांचे लोखंड हाताला चटके देतंय, व्हीलचेअरवाल्यांना डब्यात चढवायला कोणी नाही. 29 आले. पाणी पिऊन परत गेले.

डिसेंबरमध्ये परत नोटीस काढली आणि आप्पांनी त्यात खाली एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिली, 'सभेनंतर भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या.' बामणोदची वांगी त्यांनीच आणली, तुऱ्हाट्यांवर भाजली. 41 हजर आणि 5 जणांची लेखी प्रॉक्सी. मूकबधिर सभासदांसाठी खुणांच्या भाषेवाल्या मॅडम होत्या, त्यामुळे प्रत्येक कलमाला वेळ लागत होता आणि मागून वांग्यांचा वास येत होता, तरी कोणी उठलं नाही. जानेवारीत दुसरी सभा, परत भरीत. आता मला पुढचा हिवाळा येईपर्यंत वांगं नको.

एक चूक मात्र सांगून ठेवतो, कोणी करत असेल तर. हजेरीच्या रजिस्टरवर अंगठे घेतले तिथे साक्षीदाराची सही राहिली होती, ते घरोघरी फिरून पूर्ण केलं, त्यात दोन आठवडे गेले. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 22 खाली बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत द्यावा लागतो, आमचा 71 व्या दिवशी गेला. सोबत जुनी घटना, नवी घटना, दोन्ही सभांची नोटीस, इतिवृत्त, आणि जुन्या नव्याचा कलमवार तक्ता. तो तक्ता युनिकोडमध्ये मी स्वतः केला, पुतणीने फक्त रकाने सरळ केले.

आदेश अजून यायचाय. त्यामुळे पावतीपुस्तकावर आणि शिक्क्यावर अजून जुनंच नाव आहे, आणि परवा धडगावच्या पोराने सातवं पोरगं आणलं, त्याच्या फॉर्मवर सरांनी तोच शिक्का मारला.