होल्टर लावून यवतेश्वरचा घाट

साताऱ्यातल्या एका रुग्णालयात हृदयरोग विभागाची तंत्रज्ञ म्हणून मी अकरा वर्षे ईसीजी काढते आणि होल्टर लावते. होल्टर म्हणजे छातीला चिकटवलेल्या तारांमधून दिवसरात्र ईसीजी नोंदवणारी, मुठीत मावणारी डबी. ज्यांच्या छातीत मधूनच धडधडते, पण दवाखान्याची पायरी चढताच सगळे सुरळीत होते, त्यांच्यासाठी ती असते.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी ५८ वर्षांचे एक गृहस्थ आले. बँकेतून निवृत्त झालेले, बारा वर्षे नेमाने पळणारे आणि साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करत असलेले. सहा महिन्यांपासून छातीत कधीतरी पाखरू फडफडल्यासारखे होत होते आणि साताऱ्यालगतचा यवतेश्वरचा घाट चढताना मनगटावरचे घड्याळ १७४ ठोके दाखवत होते. ठोके कमी करणारी एक गोळी त्यांना कुठेतरी दिली गेली होती. परंतु विश्रांतीतच ज्याची नाडी ४४ आहे, त्याला ती घेऊन जिनासुद्धा जड जाणार, तसेच झाले आणि त्यांनी ती आठ दिवसांत सोडली. दोन ठिकाणचे होल्टर स्वच्छ आले होते, कारण दोन्ही वेळा ‘श्रम करू नयेत, घाम येऊ देऊ नये’ ही छापील सूचना पाळून ते घरी बसून राहिले होते. उतारावर खडखडणारी गाडी गॅरेजात उभी ठेवून तपासावी, तसला हा प्रकार. आमच्याही रुग्णालयात तोच कागद देतात. तो कोणी लिहिला हे कोणालाच ठाऊक नाही. झेरॉक्सची झेरॉक्स निघत आली आहे.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ४८ तासांचा लावा आणि रोज करतात ते करू द्या, फक्त एकटे पळायचे नाही.

घामात टिकेल असा होल्टर लावणे हे माझ्या मते आमच्या कामातले खरे कसब आहे. वॉर्डातल्या मामांनी छातीवरचे केस काढल्यावर मी स्पिरिट लावून ते पुरते सुकू दिले, कातडी किंचित लाल होईपर्यंत गॉजने घासली आणि इलेक्ट्रोड स्नायूंवर न लावता उरोस्थीवर आणि बरगड्यांवर बसवले, कारण पळताना स्नायू आखडले की त्यांचीही वीज नोंदीत उतरते. प्रत्येक तारेला छोटा वळसा देऊन वर टेप लावला, म्हणजे हिसका टेपला बसतो, इलेक्ट्रोडला नाही. सकाळच्या पाळीतला माझा सहकारी स्पिरिट सुकायच्या आत चिकटवून मोकळा होतो आणि मग दोष घामाला देतो.

सोमवारी संध्याकाळी काका डबी घेऊन आले. डायरी बँकेच्या खतावणीसारखी होती. रविवारी ६.३५ वाजता, घाटात, ‘धडधड, बटण दाबले, घड्याळ १७४’ अशी नोंद होती. सॉफ्टवेअरने तिथली अकरा मिनिटे लाल रंगवून जीवघेण्या तालाचे नाव दिले होते. मी एकेक ठोका मोठा करून पाहिला. पावलांच्या हिसक्यांखाली अरुंद, नियमित ठोके होते, प्रत्येकाआधी पी लहर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची छोटी लहर, होती आणि वेग होता १४६. घड्याळ कातडीवर प्रकाश टाकून रक्ताची लय मोजते आणि पळताना कधीकधी पावलांच्या ठेक्यात अडकते; १७४ ही काकांची पावले होती. घाटात काहीही बिघडले नव्हते.

बिघडले होते त्याच रात्री. २.१२ वाजता पी लहरी नाहीशा झाल्या, ठोक्यांमधली आधाराची रेघ थरथरू लागली आणि दोन ठोक्यांमधले कोणतेही अंतर दुसऱ्याशी जुळेना. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे एका तालात न आखडता नुसतेच थरथरणे. ४.५१ वाजता ते थांबले, त्यानंतर ३.६ सेकंद सरळ रेघ आणि मग एक शहाणा, नियमित ठोका. डायरीत त्या जागी लिहिले होते, ‘शांत झोप.’

काका बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर कॅथलॅबमध्ये होते आणि निदान सांगण्याचा अधिकार तंत्रज्ञाला नसतो. हा नियम योग्य आहे, असेच मी नव्या मुलींना शिकवते.

“काय दिसलं, ताई?”

“रिपोर्ट डॉक्टर सांगतील, काका. उद्या अकराला या.”

“मग सकाळी पळायला हरकत नाही ना?”

“विचारून सांगते.”

डॉक्टरांचा फोन साडेनऊला आला. पट्ट्या पाहून ते म्हणाले, घाबरण्यासारखे नाही, पण मी तपासेपर्यंत पळू नका म्हणावे. मी काकांना तीनदा फोन लावला, पण ते नऊलाच झोपणारे. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला तेव्हा पलीकडे वारा ऐकू येत होता.

“ताई, तीन मिस्ड कॉल? मी यवतेश्वरच्या देवळापाशी आहे.”

“काका, उतरताना चालत या.” एवढेच मला सुचले.

ते चालत आले. डॉक्टरांनी त्यांना सांगितले की वर्षानुवर्षे लांब पल्ल्याचे श्रम करणाऱ्यांत हा ताल अधिक आढळतो. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की शर्यतीतल्या बावन्न हजारांवर स्पर्धकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात अधिक वेळा शर्यत पूर्ण करणाऱ्यांत आणि अधिक वेगवानांत तालाचे बिघाड जास्त दिसले होते. विश्रांतीत हृदयाचा वेग उतरवणारा मज्जातंतू अशा लोकांत प्रबळ असतो, म्हणून हा बिघाड पुष्कळदा श्रम संपल्यावर, रात्री उमटतो. रक्तदाब, मधुमेह नसल्याने रक्त पातळ करणारी गोळी लगेच दिली नाही. टूडी इको, थायरॉइडची तपासणी आणि पुण्याला जाऊन अब्लेशनबद्दल, म्हणजे हृदयात नळी घालून बिघडलेला ताल उठतो ती जागा निकामी करण्याबद्दल, सल्ला, असे ठरले. त्या वर्षीची शर्यत त्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिली.

त्या रात्री साडेनऊपर्यंत मी वाट का पाहिली, हे मी अजून स्वतःला विचारते. ‘उद्याचा दिवस पळू नका’ म्हणण्याने निदान फुटले नसते. काकांची माझ्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. त्यांनी फक्त ती ३.६ सेकंदांची पट्टी मागून घेतली, सरळ रेघेवरून बोट फिरवले आणि विचारले, “तेव्हा ही शेजारी जागी होती. हिला कसं काही कळलं नाही?”

सूचनांच्या कागदावरचे घामाचे वाक्य मी पेनाने खोडले होते. परवा पाहिले, तर काउंटरवर नवा गठ्ठा आला आहे, जुन्याच कागदाची झेरॉक्स.