गळका उजेड

“काकू, लॉस लाल आहे का?”

फोनवरच्या मुलाचा हा प्रश्न ऐकून मी दोन क्षण गप्पच झाले. तोटा लालच असतो. आमच्या घरात तर दर महिन्याच्या वीस तारखेनंतर असतोच. मग उलगडा झाला. इंटरनेटच्या डबीवर जे बारके दिवे ओळीने असतात, त्यांतल्या एकाखाली इंग्रजीत एल-ओ-एस लिहिलेलं असतं. तो लाल झाला, म्हणजे बाहेरून येणारा उजेड डबीपर्यंत पोचत नाहीये. ही सगळी मंडळी त्याला ‘लॉस’ म्हणतात. आमचा लॉस लालभडक होता आणि वर डोळे मिचकावत होता.

दिवाळीची आवराआवर नुकतीच संपली होती. कपाट भिंतीला सरकवताना मागे लोंबणारी पांढरी वायर मला खुपली, म्हणून मी तिची चारपदरी घडी घालून वर रबरबँड लावला होता. आईने टेलिफोनच्या वायरीची अशीच घडी घातलेली मी वर्षानुवर्षं पाहिली आहे, आणि त्या टेलिफोनचं कधी काही बिघडलं नाही. त्यामुळे माझा माझ्यावर संशय नव्हता. संशय गल्लीत रस्ता खोदणाऱ्यांवर होता. पुण्यात तो कधी वाया जात नाही.

तासाभराने मुलगा आला. पाठीवर दप्तर, हातात मीटर. त्याने आधी जिन्यातल्या डब्यात मोजलं, मग घरात.

“बाहेर मायनस एकवीस आहे, आत मायनस तेहतीस. घरातच कुठंतरी गळतंय, काकू.”

नळाबद्दल बोलावं तसं तो बोलला. मग दप्तरातून जाडसर पेनासारखं काहीतरी काढून त्याने वायरीच्या टोकाला बसवलं. “लाइट घालवा. आणि टोकात बघू नका, लेझर आहे.”

दिवा मालवला. कपाटामागे, रबरबँडच्या जरा खाली, पांढऱ्या वायरीच्या पोटातून लाल उजेड पाझरत होता. राखेखाली निखारा असावा तसा. घडीच्या प्रत्येक वळणावर थोडा थोडा, आणि एका ठिकाणी चांगला ठळक.

“सापडला,” तो म्हणाला. “जिथं दिसतो तिथं गेला.”

हे वाक्य त्याने सहज टाकलं आणि तो कामाला लागला. मी मात्र दिवा लावायचा विसरून तिथेच उभी राहिले. एक तर दृश्य सुंदर होतं. दुसरं म्हणजे, उजेडाबद्दल असं उलटं बोलताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. उजेड दिसावा म्हणून असतो, अशी माझी पन्नास-पंचावन्न वर्षांची समजूत. इथे तो दिसला की बिघाड. एरवी या वायरीतून जो उजेड धावतो तो डोळ्यांना न दिसणाराच असतो, अवरक्त. म्हणजे माझ्या घडीतून रात्रंदिवस उजेड सांडत होता आणि फरशीही ओली झाली नाही.

आमच्या लहानपणी घरी याच जातीची एक वस्तू होती. बाबांनी मुंबईहून आणलेला दिवा. काळी गोल बैठक आणि तिच्यातून फुटलेले शेकडो केस, प्रत्येकाच्या टोकाला उजेडाचा ठिपका. बैठकीत रंगीत चकती फिरे आणि ठिपके निळे, मग हिरवे, मग गुलाबी होत. शोकेसमध्ये ताजमहालाच्या शेजारी त्याची जागा. पाहुणे आले की पडदे ओढून तो लावायचा, आणि पाहुण्यांनी “अरे वा” म्हणायचं. आम्हां भावंडांना त्या केसांतून हात फिरवायचा असे आणि आई ओरडे, “हात लावू नका, काच घुसेल!” आईचं खरं होतं. त्या काळच्या पुष्कळ दिव्यांत खरोखर काचेचे तंतू असत. प्लास्टिकचे नंतर आले. त्या दिव्याचं नाव आम्हांला कुणी सांगितलं नाही. आम्ही त्याला केसाळ दिवा म्हणायचो. शास्त्राच्या पुस्तकात पुढे ‘प्रकाशीय तंतू’ भेटला, तेव्हा हा आपल्या शोकेसमधलाच, हे ओळखायला मला फार वर्षं लागली.

त्या पुस्तकात ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ असा एक हमखास प्रश्न असे. पाठ करून मार्क मिळवले, कळलं नाही. वास्तविक ते मी आजोळच्या विहिरीत आधीच पाहिलं होतं. पाठीला सुकलेला भोपळा बांधून आम्हांला विहिरीत ढकलत. भोपळा सुटला, दम टिकू लागला, की तळाकडे जाऊन वर बघायचा खेळ. खालून आभाळ केवढं दिसतं? एका गोल थाळीएवढं. थाळीच्या भोवती आभाळ नसतंच, तिथे पाण्याचा आरसा असतो आणि त्यात विहिरीची भिंत, काठाशी लोंबणारे भावंडांचे पाय, सगळं उलटं. पाण्यातून निघालेला किरण फार तिरपा असला, म्हणजे उभ्या रेषेपासून साधारण ४९ अंशांपलीकडे, तर पाणी त्याला बाहेर सोडत नाही. पृष्ठभागावरून परत आत ढकलतं. काचेच्या तंतूत हेच, पण सगळीकडून. मधली काच जरा दाट, बाहेरची जरा विरळ. किरण आत शिरला की भिंतीवर आपटत, वळणं घेत पुढेच जातो. वळण अलगद हवं. माझ्या घडीसारखं कचकन दुमडलं की कोन मोडतो आणि उजेडाला फट सापडते.

पाण्यातला हा खेळ माणसांना दाखवणारा पहिला मास्तर बहुधा जिनिव्हाचा दानिएल कोलाडाँ. १८४१च्या सुमाराला त्याला वर्गात पाण्याच्या धारा दाखवायच्या होत्या आणि मागच्या बाकांना काही दिसत नव्हतं. त्याने टाकीच्या एका बाजूने प्रखर उजेड आत सोडला आणि समोरच्या भोकातून धार काढली. उजेड सरळ निघून जाण्याऐवजी धारेबरोबर वाकून खाली उतरला! पुढे १८५४मध्ये जॉन टिंडॉलने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असाच प्रयोग करून दाखवला आणि पुस्तकांनी बरीच वर्षं श्रेय त्यालाच दिलं. १८८९च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर रंगीत उजेडाची कारंजी नाचवली गेली. म्हणजे बघा, या विद्येची सुरुवात तमाशानेच झाली. टेलिफोन, इंटरनेट ही पोटापाण्याची कामं तिला फार उशिरा लागली.

आणि ज्यांनी ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ केलं, ते नरिंदर सिंग कपानीही तमाशा आणि काम, दोन्ही घरचे पाहुणे. जन्म पंजाबातल्या मोग्याचा, १९२६चा. प्रकाश सरळ रेषेतच जातो असं शाळेत मास्तरांनी सांगितलं आणि ते आपल्याला पटलं नाही, असं ते सांगत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली त्यांनी काचेच्या हजारो तंतूंची जुडी बांधली आणि तिच्यातून चित्र वळवून नेलं. जानेवारी १९५४च्या ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलं. त्याच अंकात हॉलंडच्या व्हान हील यांचंही टिपण होतं आणि माझ्या दृष्टीने ते जास्त गमतीचं, कारण त्यांना गळतीची काळजी होती. उघडे तंतू एकमेकांना चिकटले की एकाचा उजेड दुसऱ्यात उतरतो. चाळीतल्या खोल्यांसारखं, भिंत पातळ, आवाज शेजारी. त्यांचा उपाय असा की प्रत्येक तंतूला वेगळं पांघरूण घालायचं.

ते पांघरूण काचेवर काचेचंच घालायचं, हे अमेरिकेत मिशिगनला लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने जमवलं, आणि १९५७मध्ये बेसिल हर्शोविट्झ या डॉक्टरांनी अशा तंतूंची, पोटात डोकावायची लवचीक नळी सर्वांत आधी स्वतः गिळली. मला या माणसाबद्दल विशेष आदर आहे. माझी एंडोस्कोपी झाली तेव्हा नळी बोटाएवढी बारीक आणि घशात बधिर करणारा फवारा होता, तरी मी पाचही देव आठवले होते. आता चित्र टिपणारा कॅमेरा नळीच्या टोकालाच असतो. पण पोटातल्या अंधारात उजेड पाडायचं काम अजूनही बऱ्याचदा काचेच्या तंतूंकडेच आहे.

मग राहिली गळती काचेच्या आतली. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये बसून हिशेब मांडला, की एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग उजेड जरी उरला तरी या तंतूवरून टेलिफोन चालेल. तेव्हाच्या काचेत एवढाही उरण्याची सोय नव्हती. दोष काचेचा नाही, तिच्यातल्या लोखंडासारख्या अशुद्धीचा, असं काव सांगत राहिले. चार वर्षांनी, १९७०च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेत कॉर्निंग या काच बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉनल्ड केक यांनी मोजणी केली, आकडा हवा त्याहून चांगला निघाला आणि त्यांनी प्रयोगाच्या वहीत आकड्याशेजारी ‘व्हूपी!’ असं लिहून टाकलं. आजच्या चांगल्या तंतूत निम्मा उजेड संपायला १५ किलोमीटर लागतात. स्वारगेटपासून खडकवासल्याच्या धरणापर्यंत एकच एक काचेची भिंत कल्पा आणि तिच्यातून पलीकडचा दिवा दिसतोय म्हणून सांगा!

काव यांना २००९मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे तेव्हा कपानींसाठी पुष्कळ हळहळ झाली. मला ती तेव्हाही जरा उथळ वाटली. चित्र वळवून नेणं वेगळं आणि ते समुद्रापलीकडे नेणं वेगळं. कपानींचं मला दुसरंच कौतुक आहे: कंपन्या, पेटंटं यांच्या गर्दीत त्यांनी उजेडाची शिल्पं केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान-संग्रहालयात त्यांचं प्रदर्शनही झालं. गळती थांबवण्यात ज्याचं नाव झालं, त्याला उजेड सांडलेला बघायची हौस होती.

ही हौस आता फार मोठी झाली आहे. ऑस्ट्रेलियात उलुरूच्या लाल खडकाजवळ ब्रूस मन्रो या कलाकाराने २०१६मध्ये वाळवंटात ५०,००० काचेचे गोळे काठ्यांवर रोवले आणि तंतूंनी त्यांना उजेड पोचवला. मी फक्त फोटो पाहिलेत. फोटोत आमचा केसाळ दिवा दिसतो, मैदानभर उगवलेला.

माझी आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या; या भोकातली त्या भोकात खुपसायची आणि “बोला” म्हणायचं. पुण्यातच १९७९मध्ये दोन एक्स्चेंज जोडायला देशातली पहिली प्रकाशीय तार घातली गेली, तेव्हा ती नोकरीत होती. पण तिच्या तोंडून त्याबद्दल कधी काही ऐकलं नाही. तिचं काम गेलं असं मी समजत होते. नंतर कळलं की ते न्यू मेक्सिकोच्या डोंगरावर गेलं होतं. तिथल्या, आकाशाचा नकाशा काढणाऱ्या स्लोन सर्वेक्षणाच्या दुर्बिणीसाठी अॅल्युमिनियमच्या थाळीला भोकं पाडत, प्रत्येक भोक आकाशातल्या एकेका दीर्घिकेच्या नेमक्या जागी. दिवसा माणसं हातांनी त्यांत ६४० तंतू खुपसत आणि रात्री प्रत्येक तंतूतून एकेका दीर्घिकेचा उजेड त्याचे रंग सुटे करून मोजणाऱ्या वर्णपटमापकाकडे जाई. कोट्यवधी वर्षं प्रवास करून आलेला उजेड, आणि शेवटचे दोन-चार हात त्याला वाट दाखवायला कुणाची तरी आत्या. अॅरिझोनातल्या नव्या यंत्रात ५००० तंतू आहेत आणि ते यंत्रमानव हलवतात. तिथे मात्र खरोखरच “बोला” म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

आणखी एक उलटा प्रकार अलीकडे वाचला. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्या सूक्ष्म असमानतेमुळे थोडा उजेड विखरून मागे परत येतो. इतकी वर्षं हा नुसता तोटा होता. आता त्या परतलेल्या उजेडाकडेच कान लावतात. जमीन किंचित हलली की तंतू किंचित ताणला जातो आणि परत येणारा उजेड बदलतो. त्यावरून भूकंप कळतो, रुळावरून जाणारी गाडी कळते. भिंतीला कान असतात हे ठाऊक होतं, रस्त्यालाही फुटले. आमच्या गल्लीत खोदणाऱ्यांना कुणीतरी हे सांगायला हवं.

तोवर मुलाने माझी घडी कापून टाकली होती. तंतू सोलून, स्पिरिटने पुसून, त्याची दोन टोकं त्याने एका छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती खांबांएवढी जाड दिसत होती. प्रत्यक्षात बाहेरच्या काचेसकट मिलिमीटरचा आठवा भाग, आणि उजेडाची वाट त्याच्याही पोटात, ९ मायक्रॉनची. टोकं आपोआप सरकली, एक ठिणगी उडाली, दोन खांबांचा एक खांब झाला.

“पॉइंट झिरो एक,” तो समाधानाने म्हणाला. एवढाच उजेड आता जोडावर सांडणार होता.

त्याने पुन्हा लाल पेन लावलं. मी पुन्हा दिवा घालवला. कपाटामागे मिट्ट काळोख.

“झालं, काकू. आता घडी नाय घालायची. मोठा गोल करून ठेवा, ताटाएवढा.”

जमिनीवर काचेचे केसाएवढे तुकडे पडले होते. ते तो चिकटपट्टीने एकेक टिपत होता. मी मदतीला वाकले तर म्हणाला, “हात नका लावू, घुसेल.”

चहा घेऊन तो गेला. संध्याकाळी मी माळ्यावरून बाबांचा दिवा काढला. बल्ब केव्हाच गेलेला, चकती अडकलेली, निम्मे केस उंदरांनी कुरतडलेले. बैठकीखाली मोबाइलचा टॉर्च धरला आणि पडदे ओढले. धड उरलेल्या केसांची टोकं उजळली. मोडलेले होते ते मधेच, जिथे मोडले होते तिथे, उजळले.