रिकाम्या जागांची यादी

कॅलिफोर्नियात निवडून आलेला काउंटी सुपरवायझर, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा कारभार चालवणाऱ्या बोर्डाचा सदस्य, १ जानेवारीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी बारा वाजता पदावर येतो. शपथविधीचा केक संपायच्या आत त्याला आमच्या बजेट ऑफिसात आणून आकडे ऐकवायचे, ही आमच्याकडची रीत.

मी एका मध्यम आकाराच्या काउंटीत बजेट ॲनालिस्ट आहे. साताऱ्यात आई सगळ्यांना सांगते, "लेक तिकडच्या झेडपीत आहे." फारसं चूक नाही. फक्त या झेडपीकडे रस्ते, दवाखाने, समाजकल्याण यांच्या जोडीला तुरुंग आणि निवडणुकाही असतात, आणि सभागृहात माणसं मोजून पाच. लॉस एंजेलिस काउंटीची वस्ती कोटीच्या घरात, सिएराच्या डोंगरातल्या अल्पाइनची हजार-बाराशे; सुपरवायझर सध्या दोन्हीकडे पाचच.

यंदा आलेल्या बाई आधी शाळेची बस चालवायच्या. त्यांचा रूट शहरांच्या हद्दीबाहेरच्या वस्त्यांतून जायचा. तिथे नगरपालिका नाही, त्यामुळे खड्ड्यापासून शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, गाडीपर्यंत सगळं काउंटीनेच बघायचं. प्रचाराचं पत्रक बाई सोबतच घेऊन आल्या होत्या. त्यावर तीन कामं: हिवाळी पावसात तुंबणाऱ्या रस्त्यांखालच्या मोऱ्या, मानसिक आजारांवर उपचार आणि बेघरांसाठी निवारा.

"यातलं पहिलं कधी सुरू होईल?" बसता बसताच विचारलं त्यांनी.

मी माझं नेहमीचं पुराण लावलं. राज्याकडून आणि केंद्राकडून येणारा पैसा कशावर खर्चायचा हे आधीच ठरलेलं असतं. इकडचा तिकडे करता येत नाही. मालमत्ता कराला १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने १ टक्क्याची वेसण घातली आहे. घर विकलं जाईपर्यंत त्याची करपात्र किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढते, आणि त्या करातही शाळा आणि शहरं वाटेकरी. शेरीफ आणि डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे खटले चालवणारा सरकारी वकील, स्वतः निवडून आलेले. त्यांचं बजेट सुपरवायझरांचं बोर्ड मंजूर करतं, पण तपास कसा करायचा हे सांगू शकत नाही. इथवर आलं की नव्या लोकांचे चेहरे उतरतात. 'मग मी निवडून आलो कशाला' असंही मला एकाने ऐकवलं आहे, जणू घटना मीच लिहिली.

बाई मात्र पानं उलटत थेट मागच्या जोडपत्रावर गेल्या. खातेनिहाय रिकाम्या जागांची ती यादी सहसा कुणी वाचत नाही. पब्लिक वर्क्सच्या, म्हणजे बांधकाम खात्याच्या, ओळींवर त्यांचं बोट थांबलं. मोऱ्या साफ करणाऱ्या गँगवरच्या अवजड ट्रकचालकांच्या जागा वर्षाहून अधिक काळ रिकाम्या होत्या.

"ही माणसं का नाहीत?"

"अर्जच येत नाहीत," मी म्हणाले. खातं दर वर्षी हेच कळवतं.

त्यांनी माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवून भरतीची जाहिरात उघडायला लावली. पहिलीच अट: अर्ज करतानाच कमर्शियल लायसन्स हातात हवं. बाई हसल्या. फेब्रुवारी २०२२ पासून केंद्राचा नियम आहे की हे लायसन्स पहिल्यांदा काढायचं तर आधी नोंदणीकृत ठिकाणी प्रशिक्षण घ्यायचं. खासगी स्कूलमध्ये त्याला काही हजार डॉलर मोजावे लागतात. "ज्याच्याकडे लायसन्स आहे तो आधीच कुठेतरी कामाला लागलाय. तुम्ही त्याची वाट बघत बसलाय. बिनलायसन्सचा घ्या आणि पगार देऊन शिकवा. मी तशीच शिकले."

आता गंमत पैशाची. रस्त्यांचा निधी मुख्यतः पेट्रोल-डिझेलवरच्या करातून येतो, २०१७ च्या कायद्याने तो वाढलाही, आणि तो रस्त्यांवरच खर्चावा लागतो. म्हणजे रिकाम्या जागांचे वाचलेले पगार ना निवाऱ्याला देता येत होते, ना दवाखान्याला. नुसते पुढच्या वर्षात ओढले जात होते. मोऱ्यांसाठी पैसा होता, मोरीत उतरायला माणसं नव्हती. मला विचाराल तर बाईंच्या पत्रकापेक्षा त्यांची जुनी नोकरीच काउंटीच्या जास्त कामाची निघाली.

त्यांनी लगेच फोन काढला. दोन सहकाऱ्यांशी बोलून घेते म्हणाल्या. टेबलाच्या टोकाला बसलेले काउंटीचे वकील अर्धे उठलेच. "एकालाच करा!" १९५३ च्या ब्राउन ॲक्टप्रमाणे पाचातल्या तिघांनी जाहीर सभेबाहेर काउंटीच्या कामावर चर्चा करायची नाही, एकामागून एक फोन करूनही नाही. विषय ७२ तास आधी लोकांसमोर लावायचा आणि मगच बोलायचं.

"माझ्या बसमध्येही मागच्या बाकावर तिघांना एकत्र बसू देत नसे मी," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

पुढचं काम सरकारी चालीनेच झालं. अट बदलायची म्हणजे युनियनशी बोलणी आली, एचआरच्या शंका आल्या, आणि शिकून झाल्यावर माणूस सोडून गेला तर काय, यावर तर ईमेलची माळच लागली. शेवटी ठराव कन्सेंट कॅलेंडरवर आला. तिथे डझनभर विषय चर्चेविना एकाच मतदानात मंजूर होतात. पेपरात ओळ नाही.

निवाऱ्याचं घोडं जागेवरून अडलं आहे. तो विषय निघाला की सभागृह भरतं आणि दोन-दोन मिनिटांची भाषणं रात्रीपर्यंत चालतात. मानसिक आरोग्य खात्यातही जागा रिकाम्या आहेतच. पण थेरपिस्टला मास्टर्स आणि देखरेखीखाली ३,००० तास काम केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. मी हे सांगितल्यावर बाईंनी विचारलं, "ते तास आपल्याच दवाखान्यात भरता येतात ना?" येतात. "मग असे किती जण आहेत आपल्याकडे?" तो आकडा कुठल्याच तक्त्यात नव्हता. गुरुवारपर्यंत द्या म्हणाल्या, आणि सोबत बाकी सगळ्या खात्यांच्या भरतीच्या जाहिरातीही.